साहेब नसलेल्या माणसाचा शनिवार

आमच्या घरात देवाच्या खालोखाल साहेबांचं नाव घेतलं जायचं, आणि बोनसच्या दिवसांत तर देवाच्याही आधी. वडील रोह्याला, धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. पेणहून गाडीने जायचे आणि कपड्यांना कंपनीचा वास घेऊन परत यायचे. जेवताना आम्हाला ताज्या बातम्या मिळायच्या. साहेबांना वांगं चालत नाही. साहेबांची कंबर धरली. साहेबांच्या मुलीला बारावीला मार्क कमी पडले, म्हणून साहेब सध्या कुणाशी बोलत नाहीत. मला दहावीला किती मार्क पडले हे वडिलांना नीट आठवत नसे, साहेबांच्या मुलीचे मात्र विषयवार पाठ होते.

नरकासुराचीही यातून सुटका नव्हती. दिवाळीच्या पहाटे वडिलांना फर्स्ट शिफ्ट लागली, की त्या बिचाऱ्याला आमच्या घरी आदल्या संध्याकाळीच मरावं लागायचं. आई उटणं कालवता कालवता म्हणायची, "साहेबांनीच बोलावलंय, त्याला काय करणार?" एवढ्या मोठ्या राक्षसाची तारीख बदलणारा माणूस म्हणजे साधा असणार नाही, असं मला लहानपणी खरंच वाटायचं.

मिसरूड फुटल्यावर मी ठरवून टाकलं की आपण जन्मात साहेब करून घ्यायचा नाही. पैसे मात्र चांगले मिळवायचे. ही दोन्ही सुखं एका ताटात वाढून मिळतात असं मला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. बहुधा ज्याला दोन्हींतलं एकही मिळालं नव्हतं अशाच कुणीतरी सांगितलं असावं, कारण फुकटचे सल्ले तेच लोक देतात.

आयटीआयला वायरमनचा कोर्स केला आणि वडिलांच्या शब्दावर त्यांच्याच कंपनीत अप्रेंटिस लागलो. मेंटेनन्सचे साहेब माझे साहेब झाले. वडिलांचेही तेच. म्हणजे एका घरात एकच साहेब पिढीजात, वतनासारखा. माणूस वाईट नव्हता, पण काम बरोबर झालं काय आणि चुकलं काय, त्यांचा प्रश्न एकच असायचा, "हे कुणाला विचारून केलं?" एकदा अडकलेला एक्झॉस्ट पंखा मी आपणहून सोडवला. पंखा फिरताना बघत त्यांनी विचारलं, "कुणाला विचारून?" मी म्हटलं, "पंख्याला." बाकीची पोरं खाली माना घालून हसली. साहेब हसले नाहीत. वडिलांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं आणि साहेबांकडे जाऊन माझ्या वतीने माफी मागून आले, ती मला विचारून नव्हे.

अप्रेंटिसशिप संपली तेव्हा परमनंटची जागा समोर आली. परमनंट हा शब्द आमच्याकडे मोक्षासारखा वापरतात, फरक इतकाच की मोक्षाला प्रॉव्हिडंट फंड नसतो. मी नको म्हणालो. घरात सुतक पडावं तशी शांतता झाली. आईने चूल बंद केली नाही एवढंच. शेजारची बाई समजूत घालायला आली आणि आईला म्हणाली, "रडू नको गो, एखादं कार्टं जातं हातचं." मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

साहेब नको तर करणार काय, यावर मग गावाने आपलं डोकं चालवलं. पेणमध्ये बिनसाहेबाच्या धंद्यांना तोटा नाही. कुणी म्हणे गणपतीच्या कारखान्यात शिरावं, कुणी म्हणे पोह्याच्या पापडांची एजन्सी घ्यावी, कुणी म्हणे सहा सीटर टाकावी. एका दूरच्या मामांनी विम्याची पॉलिसी विकायला सुचवलं आणि जाता जाता मलाच एक विकून गेले.

मी गेलो तो बाजारातल्या मिस्त्रींकडे. मोटरी भरण्याचं त्यांचं दुकान होतं. मोटर जळली की तिच्या आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, व्हार्निश पाजायचं, भट्टीत सुकवायची, याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. मिस्त्री इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, आमच्यापेक्षा अस्सल मराठी बोलणारे. त्यांच्या भाऊबंदांपैकी बहुतेक जण केव्हाच विमानात बसून इस्रायलला गेले होते. बायको वारलेली, मुलगा तिकडे. ते एकटेच मागे राहिले होते, आणि का राहिलात विचारलं तर म्हणायचे, "मोटरी जळतात ना हितं."

मी कामाला ठेवता का विचारलं तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कामाला नाय ठेवत मी कुणाला. मला साहेब व्हायला जमत नाय. शिकायचं तर बस, कंटाळलास तर जा. केलेल्या कामातला वाटा घे." एवढ्या चार वाक्यांसाठी मी जन्मभर थांबलो होतो. बसलो.

आणि पैसा होता हो त्यात. लोकांना वाटायचं मळके हात, काळी नखं, काय मिळत असेल. पण भात कापणीनंतर गिरण्या धडधडायला लागल्या की मोटरी जळायच्या, आणि दारात पोत्यांची थप्पी लागलेला गिरणीवाला घासाघीस करत नाही. श्रावणात गणपतीच्या कारखान्यांतले रंग मारायचे कॉम्प्रेसर बसायचे. गणपती काही पुढच्या महिन्यात या म्हटल्यावर थांबत नाहीत, त्यामुळे कारखानदार तर हात जोडूनच यायचा. त्यातून डोलवीकडे ठेकेदार वाढले, नागोठण्याला ठेकेदार वाढले, आणि ठेकेदाराची मोटर म्हणजे आधीच अर्धी मेलेली असते. वडिलांना जेवढा पगार मिळायचा तेवढं मी थोड्याच वर्षांत सहज मिळवायला लागलो. घरी आईला पैसे दिले की ती देवापुढे ठेवायची. वडील तिकडे बघायचे नाहीत. ते म्हणायचे, "ह्याला पगार म्हणत नाय. पगाराला स्लिप असते."

एक गोष्ट मात्र दुकानात दगडावरची रेघ होती. शुक्रवारी दिवस कलला की मिस्त्री हात रॉकेलने धुवायचे, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने, आणि शटर खाली ओढायचे. ते वर जायचं ते रविवारी सकाळी. शनिवार त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी विस्तव नाही, धंदा नाही, हत्याराला हात नाही. त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला ते लोक मशीदच म्हणतात. तिथे रीतसर प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि दहा जमत नसत. तरी मिस्त्री कपडे बदलून जायचे. मी एकदा विचारलं, दहा नाहीत तर जाऊन करता काय? म्हणाले, "बसतो. अकरावा आला तर त्याला जागा दावायला कुणी नको?" असलं बोलून स्वतःच खोखो हसायचे.

आता गंमत अशी की पेणच्या एकाही माणसाने त्यांना कधी शनिवारी का बंद म्हणून विचारलं नाही. कारण उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, आणि ते साफ चूक होतं. मिस्त्रींच्या वाडवडिलांचा तेलाचा घाणा होता. ते शनिवारी घाणा जुंपायचे नाहीत. आमच्या लोकांत शनिवारी तेल विकत आणू नये, लोखंड आणू नये, शनी मागे लागतो. शनिवारी तेल घ्यायचं नाही आणि तेली शनिवारी तेल विकत नाही, इतका सोयीचा तेली कुठे मिळणार! गावाने ठरवून टाकलं की हा आपल्यापेक्षा कडक शनी पाळणारा दिसतो. पुढे घाणा गेला, मोटरी आल्या. मोटर म्हणजे लोखंडच, वर तेल-ग्रीस. त्यामुळे शनीचं खातं आपोआप मोटरींवर चढलं. शनिवारी भरलेली मोटर टिकत नाही, असं पेणच्या चारी बाजूंच्या गावांत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मिस्त्रींना हे ऐकून ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक. ते शुक्रवारी शटर ओढायचे आणि लोक रविवारी यायचे, दोघेही आपापल्या देवाला स्मरून.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला, तिकडे या म्हणून मुलाचा तगादा वाढला. मिस्त्रींचा गुडघा बसला, डोळे अधू व्हायला लागले, आणि बारीक तार बोटांना सापडेना. शेवटी त्यांनी जायचं ठरवलं. निघण्याआधी त्यांनी घरी मलिदा केला. म्हणजे आपलेच पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि त्यांच्या पैगंबराची प्रार्थना. पोहे आमच्या गिऱ्हाइकाच्याच गिरणीतले होते. आळीतल्या सगळ्यांनी खाल्ले. मिस्त्रींनी मला किल्ली दिली तेव्हा कुठलीही अट घातली नाही, शपथ घेतली नाही, शनिवार हा शब्दही काढला नाही. म्हणाले, "भट्टी जास्त तापवू नको." आणि रिक्षात बसले. मला वाईट वाटलं, इतकं की त्या दिवशी दोन मोटरी उलट्या गुंडाळल्या.

पण आठवडाभरातच मला माझं स्वातंत्र्य आठवलं. आता तर मिस्त्रीही नाहीत. वर आकाश, खाली मी. आठवड्यातला एक पूर्ण दिवस शटर खाली ठेवायचं काय कारण? मी काही इस्रायली नाही, आणि शनीला भिणारा तर मुळीच नाही. शनिवारी सकाळी शटर वर केलं, उदबत्ती लावली, पोराटोरांसारखा तळहात चोळत बसलो.

कुणी आलं नाही. लोक रस्त्यावरून जायचे, दुकान उघडं बघून चपापायचे आणि पुढे जायचे. दुपारी पोह्याच्या गिरणीचे मालक दिसले. वयस्कर माणूस, आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. त्यांची मोटर भरून तयार होती. म्हटलं, घेऊन जा की. ते पायरीवरसुद्धा चढले नाहीत.

"आज शनवार हाय."

"शेठ, तो त्यांच्या धर्माचा सुट्टीचा वार होता. शनीचा काही संबंध नाही."

"तू मला सांगतोस?" ते म्हणाले. "माझ्या बापाने त्यांच्या बापाकडनं तेल नेलं. उद्या येतो. आणि आज भरायला घेतली असशील कुठली, तर ती माझी नको."

मी वाद घातला. धर्माचा इतिहास सांगितला, विजेचं शास्त्र सांगितलं, तार तांब्याची असते आणि तांब्याशी शनीचं वाकडं नाही हेही सांगितलं. ते सगळं शांतपणे ऐकून घेत होते, हेच वाईट. मग म्हणाले, "व्हय, व्हय. पण उद्या येतो." असे चार शनिवार मी माशा मारल्या. पाचव्याला बाजारात कुजबुज सुरू झाली की मिस्त्री गेल्यापासून पोरगा ताळ सोडून वागतो. मी शटर खाली ठेवलं. ज्याला एका साहेबाचं ऐकायचं नव्हतं त्याला सबंध पेण तालुका साहेब म्हणून मिळाला, आणि या साहेबाला रिटायरमेंटही नव्हती.

वडिलांना या सगळ्यातून नवा धीर आला. त्यांची स्वतःची रिटायरमेंट जवळ आली होती, आणि माझ्या लग्नाचं बघणं चालू होतं. मुलीकडचे विचारायचे, मुलगा कुठे असतो? दुकानात, म्हटलं की विचारायचे, ते कळलं, पण असतो कुठे? एका संध्याकाळी वडील कधी नव्हे ते दुकानात आले, स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "साहेबांकडे शब्द टाकलाय."

कंपनीच्या जळलेल्या सगळ्या मोटरी वर्षभर माझ्याकडे द्यायच्या, असं ते काम होतं. पेणच्या सगळ्या गिरण्या मिळून जेवढं देत नव्हत्या तेवढं एकटी कंपनी देणार होती. वडील त्यासाठी साहेबांच्या केबिनबाहेर किती दिवस रेंगाळले असतील, मला कल्पना करवेना. "त्यांनी मला व्हय म्हटलंय," ते म्हणाले. "तू तेवढी माझी मान खाली घालू नको." मी धंद्यात आल्यापासून त्यांनी माझ्यासाठी केलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती त्यांनी त्यांना येत होती त्याच एका रीतीने केली होती. मला नाही म्हणवेना. शिवाय पैसे चांगले होते, हे काय लपवायचं?

अट एकच होती. कंपनीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. जळलेल्या मोटरी शुक्रवारी खाली उतरणार, शनिवारी भरून व्हायला हव्यात, रविवारी जागेवर बसायला हव्यात. साहेब म्हणाले, "शनिवारी तू मला पाहिजेस." जसा काही मी मिरवणुकीतला बाजा.

मग माझा शनिवार कसा जायला लागला ते सांगतो. भल्या सकाळी, दूधवाल्याच्याही आधी, मी माझ्याच दुकानात चोरासारखा शिरायचो आणि शटर आतून ओढून घ्यायचो. गिऱ्हाइकांना कळता कामा नये की शनिवारी काम चालतं, नाहीतर गिरण्या गेल्या. कंपनीला कळता कामा नये की शनिवारी दुकान बंद असतं, नाहीतर कंपनी गेली. आत मिणमिणता दिवा, बंद हवा, व्हार्निशचा वास आणि घामाच्या धारा. हातोडी मारायची तर फडकं गुंडाळून. खोकला आला तर तोंडात फडकं. बाहेर पायरीवर भाजीवाली बसायची, तिला मी आत असल्याचं कळू नये म्हणून दुपारचा डबा न वाजवता खायचो. मालक होतो ना मी! माझ्यावर ओरडणारं कुणी नव्हतं. ओरडायला मी दिसायला तर हवा.

शेजारी टेलिफोनचा बूथ होता. बूथवाल्याला सगळं माहीत होतं, कारण पाणी प्यायला मी मागच्या दाराने त्याच्याकडेच जायचो. तो म्हणायचा, "तुझ्यापेक्षा सबजेलातले बरे. त्यांना निदान भेटायला येतात."

पावसाळा सरत आलेला. असाच एक शनिवार, दुपारची वेळ. कंपनीची मोठी मोटर मी अर्धी भरून आणली होती. मागच्या दारावर टकटक झाली. बूथवाला म्हणाला, "फोन हाय तुला. बाहेरचा. मिस्त्री."

मी तसाच धावलो. रिसीव्हर कानाला लावला आणि त्यांचा आवाज ऐकला. मग कसे आहात नाही, तब्येत नाही, माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं, "काका, आज शनिवार आहे."

कारण शनिवारी मिस्त्री फोनला हात लावायचे नाहीत. शनिवारी ते दिव्याचं बटणसुद्धा दाबायचे नाहीत.

ते म्हणाले, "व्हय. ड्युटीवर हाय."

एका गोदामाच्या फाटकावर ते वॉचमन म्हणून बसत होते. मुलाच्या ओळखीने लागले होते. शनिवारी बाकीच्यांना आपापल्या घरी जायचं असतं, म्हणून नव्या माणसाला शनिवार लावतात. "सुपरवायझर माझ्या नातवाच्या वयाचा. गोड पोरगा हाय. मला आजोबा म्हणतो. शनवारची पाळी पण आजोबांनाच देतो."

"मग नाही म्हणायचं."

"म्हटलं असतं रं. पण पोराच्या घरात राहतो. सून चांगली हाय, नातू चांगले हायत. रिकामा किती दिवस बसू सांग. आणि भाषा येत नाय मला तितकी, नाय म्हणायला."

मला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. आयुष्यभर ज्याने कुणाचं ऐकलं नाही, आमच्या असल्या अर्धवट गावात ज्याच्या शनिवारला कुणी बोट लावलं नाही, तो माणूस स्वतःच्या देवाच्या देशात जाऊन शनिवारी फाटकावर बसला होता.

"तुला घरनं बोलावून आणलं काय?" त्यांनी विचारलं. "दुकान बंद असणार म्हणून मी बाजूला लावला फोन. उगाच तरास दिला."

बूथवाला पाठ करून काच पुसायला लागला.

"त्रास कसला," मी म्हटलं.

"बंद हाय ना रं?"

"बंद आहे, काका."

"कुणी उघड म्हणून मागे लागत नाय?"

"नाही. लोक म्हणतात शनिवारी भरलेली मोटर टिकत नाही. शनी मागे लागतो."

ते हसायला लागले. पूर्वीसारखे खोखो हसले, खोकला येईपर्यंत. म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. "म्हणू दे," ते म्हणाले. "सांगू नको त्यांना काय. तिकडं तरी बंद हाय." मग कुणीतरी त्यांना तिकडच्या भाषेत हाक मारली, आणि ते घाईघाईने "आलो, आलो" म्हणाले, मराठीतच, आणि फोन ठेवला.

मी मागच्या दाराने आत आलो. मोटर मेजावर पोट उघडं टाकून पडली होती. तिच्याकडे बघत उभा राहिलो. मग दिवा घालवला, हात रॉकेलने धुतले आणि भर दुपारी पुढचं शटर वर करून बाहेर पडलो. पायरीवरची भाजीवाली मला बघून दचकली. शटर खाली ओढून कुलूप लावलं आणि घरी जाऊन झोपलो. खोटं कशाला सांगू, झोप काही लागली नाही. साहेबांचं मला काही वाटत नव्हतं. वडिलांचं वाटत होतं.

ती मोटर मी रविवारी पूर्ण केली आणि सोमवारी टेंपोत घालून रोह्याला घेऊन गेलो. साहेबांचं तोंड एवढंसं झालेलं. रविवारी मोटर बसली नाही म्हणून त्यांना त्यांच्या वरच्या साहेबांनी झापलं होतं. तेव्हा मला कळलं की त्यांनाही साहेब असतो, आणि थोडीशी दयाही आली. मी म्हटलं, शनिवारी माझं दुकान बंद असतं.

"तू त्या मिस्त्रींच्या लोकांतला आहेस का?"

"नाही."

"मग शनीचं काही आहे?"

"नाही."

"मग अडचण काय आहे? तुझं दुकान, तू मालक, उघड की."

"मालक आहे म्हणूनच बंद ठेवतो," मी म्हटलं.

हे वाक्य आता लिहिताना बरं दिसतं. तिथे ते मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हटलं होतं. साहेबांनी काम काढून घेतलं, सरळच. मग बेल दाबली आणि प्लांटमधून माझ्या वडिलांना बोलवायला माणूस पाठवला. वडील हेल्मेट हातात घेऊन धापा टाकत आले. मला बाहेर पाठवलं. काचेतून मला दिसत होतं. साहेब बोलत होते आणि वडील मान हलवत होते. खूप वेळ मान हलवत होते. मला वाटलं, आत जावं, पाया पडावं, शनिवार, रविवार, वाट्टेल तो वार घ्या म्हणावं. गेलो नाही.

शिफ्ट सुटल्यावर आम्ही एकाच गाडीने निघालो. डबा रिकामाच होता. वडील खिडकीशी बसले, मी समोर. नागोठणं गेलं. अंबा नदी पुराने गढूळ झाली होती, ती त्यांनी मन लावून बघितली. मी मनात सगळी वाक्यं तयार ठेवली होती. मिस्त्रींचा फोन सांगणार होतो, गिरण्या सांगणार होतो, हिशेबाने बघितलं तर फारसं नुकसान नाही असं खोटंही सांगणार होतो.

कासू स्टेशन आलं तसं ते म्हणाले, "काय म्हणालास त्याला?"

"म्हणालो, शनिवारी माझं दुकान बंद असतं."

"असंच?"

"असंच."

"उभ्या उभ्या?"

"नाही, बसून. समोरच्या खुर्चीत."

"त्याने बस म्हटलं?"

"नाही. खुर्ची होती, बसलो."

वडिलांनी मान हलवली. पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. त्या केबिनमध्ये ते माझ्या जन्माआधीपासून जात होते. गाडी सुटली, भाताची खाचरं मागे जायला लागली, आणि बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं,

"कशी हाय रं ती खुर्ची, बसायला?"